आधी बाईचं ताट

मंदाताईंची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी माझ्या भिंतीवरचा आहाराचा तक्ता उतरवायला लावला तेव्हा. मी नांदुरा तालुक्यातल्या एका गावात नवी अंगणवाडी सेविका, त्या पर्यवेक्षिका. सफरचंद, द्राक्षं, अक्रोड अशी रंगीत चित्रं मी मोठ्या हौसेनं लावली होती. ताईंनी विचारलं, "यातलं सफरचंद कोणाच्या घरी येते वं?" मी म्हणाले, कोणाच्याच नाही. "मंग बायायले काऊन दाखवते?" दुपारी त्यांनी मला शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर नेलं आणि शेवग्याचा पाला, अंबाडी असं ओंजळभर माझ्या पदरात टाकलं. मनातून मी चरफडले होते, हे आज कबूल करते.

कुणाच्याही घरी गेल्या की ताई "काय रांधलं?" असं विचारत नसत. "तू काय खाल्लं?" हाच त्यांचा प्रश्न. आमच्याकडे बाई सगळ्यांचं झाल्यावर जेवते. तोवर वरण संपलेलं असतं, भाकरी आणि ठेचा उरतो. ताईंनी साधी रीत घालून दिली. पहिलं ताट बाईचं वाढायचं, वरण-भाजीसकट, आणि झाकून ठेवायचं. मग बाकीच्यांचं. एका घरी सासूबाई फणकारल्या, "सुनेचं ताट आधी? देव हाय का ते?" ताई शांतपणे म्हणाल्या, "नातू धडधाकट पाहिजे ना तुमाले? मंग नातवाचंच ताट समजा." त्या ताटावर झाकण सासूबाईंनीच ठेवलं.

ही रीत ताई फार मोठी किंमत मोजून शिकल्या होत्या. त्यांची एकुलती लेक वनिता सोनाळ्याला दिलेली. सातव्या महिन्यात ती माहेरी आली. ताई दिवसभर गावोगावच्या गरोदर बायकांची वजनं घेत फिरायच्या आणि घरी आल्यावर लेकीच्या हातचं आयतं जेवायच्या. वनिता सगळ्यांना वाढून मागून बसायची. तिच्या ताटात काय उरतं, ते ताईंनी पाहिलं नाही. अंगात रक्तच नव्हतं. बाळंतपणात वनिता गेली, बाळही गेलं.

हे ताई प्रत्येक प्रशिक्षणात स्वतः सांगत. "दुसऱ्याच्या लेकीयले इचारत फिरली. माह्या लेकीले नाही इचारलं." एवढं बोलून त्या घोटभर पाणी पीत आणि पुढचा विषय घेत. आम्हाला मात्र मान वर करवत नसे. त्यांनी स्वतःला कधी माफ केलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

गेल्या महिन्यात ताईंच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात हे लिहिण्याची परवानगी मागायला मी त्यांच्याकडे गेले. यजमान गेल्यापासून ताई एकट्याच असतात. त्यांनीच लावलेल्या सवयीनं मी पातेल्यावरचं झाकण उचललं. पातेलं कोरडं होतं. बाजूला चहाचा कप आणि टोस्टचा पुडा.

"ताई, तुम्ही काय खाल्लं?"

"एकटीसाठी काय रांधू वं?" त्या हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "ताट वाढलं का वनिता दिसते."

मला रडू आवरलं नाही. मी मुगाचं वरण लावलं, कळण्याची, ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी थापली आणि ताट त्यांच्यासमोर ठेवलं. "तू बस आधी," त्या म्हणाल्या. मी बसले नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली. आता आम्ही सेविकांनी वार वाटून घेतले आहेत. माझा मंगळवार.

ताई, पंचाहत्तरीच्या शुभेच्छा देताना तुम्हाला शंभर वर्षांचं निरोगी आयुष्य सगळेच मागतील. मीही मागते, पण ते चहा-टोस्टवर नको. समारंभाच्या दिवशी हार आणि भाषणं थांबतील. आधी तुमचं ताट वाढलं जाईल. माझी लेक सध्या सातव्या महिन्यात आहे, माहेरी आली आहे. तिला मी तुमच्या शेजारी बसवणार आहे. तिच्या ताटात काय आहे, ते तेवढं तुम्ही बघा.