चोपड्याचा नारळ

सत्तर सालच्या आसपास माझी बदली कोकणात झाली आणि वडील, म्हणजे आमचे नाना, चोपड्याहून मला बघायला आले. घरच्या बागेतली केळी असतील म्हणून पिशवीत हात घातला, तर नारळ! कोकणात नारळ घेऊन येणारा जगात एकच माणूस निघाला, आणि तो नेमका माझा बाप. म्हणाले, "देवकडे रिकामा हाते जातस का?"

समुद्र त्यांना मुळीच आवडला नाही. "इतलं बठ्ठं पानी, आन केळीले एक थेंब कामना नही!"

देऊळ मात्र त्यांनी लांबूनच हेरलं होतं. कड्याच्या टोकावरचं, पांढरंशुभ्र. ते ख्रिस्ती लोकांचं आहे, हे मी तीनदा सांगितलं. "डोंगरवर शे ना? मंग देवच शे." चपला त्यांनी पायथ्याशीच काढल्या, मलाही काढायला लावल्या. तापलेल्या कातळावरून आम्ही बापलेक माकडांसारखे उड्या मारत वर पोचलो, तर दाराला हे एवढं कुलूप. नाना घाम पुसून पायरीवरच नारळ आपटायला वाकले, तोच झाडलोट करणारी म्हातारी ओरडत आली, "अहो, हितं नारळ चालत नाही! मेणबत्ती लावा, तीपण रविवारी."

पाय भाजत होते तरी मला हसू आवरेना. नानांनी कुलपाकडे एकदा रागानं पाहिलं आणि नारळ पुन्हा पिशवीत कोंबला.

"चाल रे. देवले नारय द्याले उनूत, त देवनीच आपले नारय दिधा."