उकाड्याचा खिळा

उकाडा हे काय माणसाचं नाव असतं? नसतं. पण गाड्यांचे एसी गार करून देणाऱ्या या माणसाला सगळा रस्ता उकाडाच म्हणायचा, आणि दुकान काढलं तेव्हा त्यानंही हट्टानं पाटीवर तेच रंगवून घेतलं. 'उकाडा कार एसी'. रंगारी ब्रश हातात धरून थांबला होता.

"मालक, असं कुणी लिहितं का? न्हाव्यानं दुकानाला 'टक्कल' नाव ठेवल्यासारखं होईल."

"तू लिही. आणि मोठं लिही. रस्त्याच्या पलीकडून वाचता आलं पाहिजे."

रंगाऱ्याला वाटलं, गिऱ्हाइकांसाठी. गिऱ्हाइकांना काय, एसी बिघडला की ती वास काढत येतातच. ती पाटी एकाच माणसासाठी होती. ज्यानं हे नाव ठेवलं त्याच्यासाठी.

दुकान म्हणजे दोन शटरांचा गाळा. पुढच्या भागात त्याचं काम. मागे त्याची बायको गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची. तिचं मशीन थांबलं की समजायचं, बाई कान देऊन ऐकतेय. भिंतीवर पाने, पकडी, पाइप, सगळं आपापल्या जागी. आणि मधोमध एक जाडजूड, मान वाकलेला खिळा. रिकामा. एकदा एका गिऱ्हाइकानं त्याला पिशवी अडकवली, तर उकाड्यानं ती अशी झटक्यात उतरवली की आतली केळी जमिनीवर आली.

"त्याला काही लावायचं नाही," तो म्हणाला.

"मग ठोकलाय कशाला?"

"ज्याचं आहे त्याचं येईल."

हा खिळा एका मोठ्या वर्कशॉपमधला. उकाडा तिथं एकोणीस वर्षांपूर्वी नोकरीला होता. तिथल्या फोरमनचा एक नियम होता: ज्याच्या हातची गाडी बिघडून परत येईल, त्याचे हातमोजे काउंटरमागच्या खिळ्याला महिनाभर टांगायचे. येणारं-जाणारं गिऱ्हाईक विचारणार, हे काय? आणि फोरमन रंगवून सांगणार.

फोरमन तसा कामाचा माणूस, पण एसीच्या बाबतीत त्याला एकच औषध माहीत. गॅस. वारा कमी येतोय? गॅस भर. वास येतोय? गॅस भर. खिशात कायम एक निळी नळी, पुढे पितळी कॉक. तिला मीटर नाही, काटा नाही. "माझा तळहात हाच मीटर," म्हणायचा. पाइपला हात लावायचा, डोळे मिटायचा, जसा काही वैद्य नाडी बघतोय.

एक दिवस एक गाडी आली. तक्रार अशी की गाडी पळत असली की गार लागतं, थांबली की भट्टी. उकाड्यानं बॉनेट उघडलं, पुढच्या जाळीमागचा पंखा बंद. गाडी पळते तेव्हा समोरचा वारा जाळीतून जातो, तोवर भागतं. थांबली की वारा नाही, पंखाही नाही, मग गॅस निवणार कसा? त्यानं कार्डावर लिहिलं, 'पंख्याची मोटर बदलणे', खाली सही केली आणि जेवायला गेला. परत आला तर गाडी गेलेली. फोरमननं परस्पर नळी लावून गॅस ठोसला होता आणि मालकाला हसतमुखानं चावी दिली होती. चौथ्या दिवशी गाडी दोरी लावून ओढत आली. कॉम्प्रेसर जाम.

कार्डावर सही कुणाची? उकाड्याची. वर काय लिहिलंय ते कुणी वाचलंच नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ऐकायच्या असतील तर त्या दिवशी वर्कशॉपमध्ये असायला हवं होतं. "गॅस तोलून भरायचा असतो हे याला शिकवून शिकवून माझी जीभ झिजली! थंडावा द्यायला बसवलाय आणि उकाडा करून ठेवतो!" सगळे हसले. नाव तिथंच चिकटलं. हातमोजे खिळ्यावर चढले.

एवढंही त्यानं गिळलं असतं. पण त्याला त्या नोकरीवर चिकटवलं होतं त्याच्या बापानं. बाप ड्रायव्हर, फोरमनला पंधरा वर्षं ओळखणारा. एक दिवस पोराचा विसरलेला डबा घेऊन आला आणि काउंटरवर उभ्या उभ्या फोरमनच्या तोंडून सगळी कहाणी ऐकली. हातमोज्यांच्या मनगटावर आईनं लाल दोऱ्यानं घातलेली खूण होती, ती म्हाताऱ्यानं ओळखली. घरी येऊन ओरडला नाही, काही नाही. एवढंच म्हणाला, "तोलून भरायला काय झालं होतं रे?"

उकाड्यानं परोपरीनं सांगितलं. बाप मान हलवत राहिला, पण त्याचा विश्वास फोरमनवर. पंधरा वर्षांची ओळख. पुढच्याच वर्षी तो गेला, आणि जाताना पोरगा कामचुकार आहे हे मनात घेऊन गेला.

महिना भरला तसा उकाडा हातमोजे मागायला गेला होता. फोरमननं कॅलेंडरकडे बघितलं आणि म्हणाला, "हा महिना एकतीसचा आहे. उद्या ये." उकाडा दुसऱ्या दिवशी गेला, हातमोजे घेतले, राजीनामा टाकला. सापासारखा डूख मात्र धरला. पुढे ते वर्कशॉप बंद पडलं, इमारत पाडायला घेतली, तेव्हा हा पाडणाऱ्यांच्या आधी तिथं पोचला आणि पकडीनं तो खिळा उपटून घेऊन आला. त्याला अकरा वर्षं झाली.

आणि मग ऐन दुपारी, टळटळीत उन्हात, एक पांढरी गाडी दुकानासमोरून पुढे गेली, करकचून थांबली आणि मागे आली. गाडी चालवत होती एक साठी ओलांडलेली बाई. शेजारी घामानं थबथबलेला फोरमन. केस पिकलेले, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा.

"पुढं बघू म्हटलं ना दुसरं," तो कुरकुरत होता.

"का म्हणून? वीस वर्षं घरात या उकाड्याच्या गोष्टी ऐकतेय. कॉम्प्रेसर जाळणारा उकाडा. बघू तरी कसा दिसतो." मग काच खाली करून, "भाऊ, एसी बघता का?"

मागचं शिवणाचं मशीन थांबलं.

उकाड्यानं हात पुसले. फोरमनकडे बघितलंच नाही. "बाई, गार कधी लागतं, कधी नाही?"

"रस्ता मोकळा असला की जरा लागतं. सिग्नलला थांबलो की भट्टी."

तीच तक्रार. एकोणीस वर्षांनी, भट्टीसकट. उकाड्याला कुठं हात घालायचा ते कळून चुकलं होतं. बॉनेट उघडून दोन मिनिटांत सांगता आलं असतं. पण दोन मिनिटांसाठी कुणी अकरा वर्षं भिंतीवर रिकामा खिळा ठेवत नाही.

"गॅस कमी झालाय," फोरमन म्हणाला. "भर आणि मोकळं कर आम्हाला."

"नियमानं जाऊ साहेब. पहिल्यापासून. बाई, तुम्ही आत सावलीत बसा, पंख्याखाली. साहेब, तुम्ही गाडीतच थांबा. काचा बंद. आत बसून सांगायला जाणता माणूस लागतो."

जाणता म्हटल्यावर फोरमनला उतरता येईना.

उकाड्यानं कागदाची पट्टी फाडून दिली. "डॅशबोर्डच्या जाळीसमोर धरा. उडतेय?"

"उडतेय."

"जोरात?"

"जोरात! वाराच आहे, गार नाही!"

"म्हणजे आतला पंखा ठीक." मग सावकाश पुढचा कप्पा उतरवला, त्यामागचा फिल्टर काढला, उन्हात धरून दोन्ही बाजूंनी निरखला. "स्वच्छ आहे." परत बसवला. फोरमनच्या हनुवटीवरून घाम शर्टावर ठिबकत होता. त्यानं काच उघडायला हात नेला.

"काच नको साहेब, चुकीचं निदान होईल. मग परत आणावी लागेल गाडी."

मागून बायकोचा खोकल्यात दाबलेला हसण्याचा आवाज आला.

बॉनेट उघडलं. कॉम्प्रेसर टक् करून लागायचा आणि लगेच सुटायचा. जाळीमागचा पंखा ढिम्म. उकाड्यानं तो न पाहिल्यासारखं केलं आणि निळ्या-लाल मीटरच्या नळ्या जोडल्या. दोन्ही काटे असे चढले की जणू पैज लागलीय.

"या साहेब बाहेर. वाचा."

फोरमननं काळा चष्मा काढला, वाचायचा लावला. बघत राहिला. वाचलं नाही.

"गॅस कमी असला तर काटे खाली असतात ना? मला कुणी नीट शिकवलं नाही, म्हणून विचारतो."

"तुझं मीटर बिघडलंय."

"असेल. मग तोलूनच बघू. काटा खोटं बोलेल, वजन नाही बोलणार." त्यानं गॅस काढून घ्यायचं मशीन ओढत आणलं. बॉनेटच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलेला होता, त्यावर गाडीला किती गॅस लागतो ते छापलेलं. "बाई, जरा वाचता का?"

बाई पदर सावरत आली. "चारशे ऐंशी ग्रॅम."

"लक्षात ठेवा."

मशीन पंधरा मिनिटं घरघरत राहिलं. फोरमन एकदा गाडीकडे, एकदा रस्त्याकडे बघत होता. पण चावी त्याच्या बायकोच्या हातात होती. आकडा चढत गेला. चारशे. पाचशे. सहाशे. सातशे नव्वदवर थांबला.

"अगं बाई," ती म्हणाली. "जवळजवळ दुप्पट! कुणी भरला एवढा?"

"तेच विचारतो. कुणी भरला?"

"दुसरं कोण? यांनीच! तीनदा. गार होत नाही म्हटलं की ती निळी नळी काढायची, डोळे मिटायचे. डिकीत पडलीय बघा."

उकाड्यानं स्क्रूड्रायव्हर उलटा धरला आणि त्याच्या मुठीनं पंख्याच्या मोटरला दोन टोले दिले. पंखा दचकल्यासारखा चार फेरे फिरला आणि पुन्हा थांबला.

"हा मेलाय. एवढंच. बाकी गाडीला काही नव्हतं. जे झालं ते साहेबांच्या तळहातानं केलं." मग पहिल्यांदा फोरमनच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "पुढच्या आठवड्यात कॉम्प्रेसर जाम झाला असता. तेव्हा झाला होता तसा. फक्त या वेळी कार्डावर माझी सही नाही."

बाईनं नवऱ्याकडे बघितलं. चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला याहून जास्त सांगावं लागत नाही.

"म्हणजे तेव्हाही तुम्हीच?"

फोरमन पुटपुटला.

"मोठ्यानं," उकाडा म्हणाला.

"हो, मीच भरला होता! हा जेवायला गेला होता. झालं समाधान? माझी नोकरी गेली असती."

"माझी गेली. आणखी मोठ्यानं बोला."

"आणखी किती मोठ्यानं?"

"माझा बाप ऐकायला राहिला नाही. त्याच्या वाटणीचंही बोला."

शेजारचा टायरवाला पान्यासकट बाहेर येऊन उभा राहिला होता. समोरचा चहावाला किटली धरून थबकला होता. फोरमननं दोघांकडे बघितलं आणि भर रस्त्यात, आवाज फाटेपर्यंत, सांगितलं की कॉम्प्रेसर त्यानंच घालवला होता आणि खोटं बोलून याचे हातमोजे टांगले होते. बोलून झाल्यावर तो एकदम आखूड झाल्यासारखा दिसला.

उकाड्याला दया आली का? नाही आली. उगाच खोटं कशाला लिहायचं.

त्यानं डिकी उघडून नळी काढली आणि फोरमनच्या हातात दिली. "लावा." खिळा मान वाकवून वाटच बघत होता. फोरमननं तो ओळखला. ओळखल्यावर त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"अरे, मी आता सत्तरीचा..."

"माझा बाप बहात्तरचा होता. खिळ्याकडे बघत उभा होता."

"लावा हो," फोरमनची बायको म्हणाली. "माझ्यापुढं वीस वर्षं गमजा मारल्यात. लावा."

नळी लागली. "एक महिना," उकाडा म्हणाला. "नियम तुमचाच आहे."

मग मात्र त्यानं काम असं केलं की बोट ठेवायला जागा नको. नवी मोटर बसवली, गॅस चारशे ऐंशी ग्रॅम, एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही. आतल्या जाळीत थर्मामीटर खोचला, पारा सहा अंशांवर आला. गाडी जागेवर उभी आणि आत फोरमन दोन्ही हात काखेत घालून बसलेला. बाईनं एसी मुद्दाम वाढवला आणि गाडी नेली.

पुढचा महिनाभर येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारायचं, ही नळी कसली? आणि उकाडा रंगवून सांगायचा. टायरवाला मध्येमध्ये भर घालायचा.

तिसाव्या दिवशी दुपारी फोरमन चालत आला. एकटा. रुमालानं मान पुसत दाराशी उभा राहिला.

"महिना झाला."

उकाड्यानं कॅलेंडरकडे बघितलं. घाई केली नाही. बोटानं शेवटच्या ओळीपर्यंत गेला.

"हा महिना एकतीसचा आहे, साहेब. उद्या या."

फोरमनला स्वतःचंच वाक्य ओळखू यायला क्षणभर लागला. मग तो वळला आणि उन्हात चालायला लागला.

मागचं मशीन थांबलं. "अहो, देऊन टाकायची की. एका दिवसानं काय बिघडतं?"

"तोलून," उकाडा म्हणाला आणि पुढच्या गाडीचं बॉनेट उघडलं. "बापानं सांगितलंय. एक ग्रॅम कमी नाही."