चांदण्या काढलेला रिपोर्ट

रक्तातल्या पेशी मोजणारं यंत्र मी दवाखान्यात घेतलं आणि पहिल्याच दिवशी त्याच्या रिपोर्टमधल्या धोक्याच्या सगळ्या खुणा काढून टाकायला लावल्या.

असं कुणी का करेल, हे मला विचारू नका. मी केलं. बोईसरला माझा दोन खोल्यांचा दवाखाना आहे. बाहेरून कारखान्यांचे ट्रक जातात तेव्हा कपाटातल्या बाटल्या वाजतात, आणि पावसाळ्यात बाकावर तापाचे पेशंट मावत नाहीत. रक्त बाहेर पाठवायचं आणि रिपोर्टची वाट बघत बसायचं, हे माझ्यासारख्या चुळबुळ्या माणसाच्या पचनी पडेना. म्हणून यंत्र. ते निवडताना विचारण्यासारखं पुष्कळ होतं. द्रावणं कुठून येणार, वीज गेली तर काय, आकड्याबद्दल शंका असेल तर यंत्र ते कसं सांगतं. मी विचारलं, "रिपोर्टवर माझा फोटो येईल ना?"

येईल, पण जागा कमी पडेल, असं यंत्र बसवायला आलेला इंजिनियर म्हणाला. खाली तीन आलेख होते, काही आकड्यांपुढे चांदण्या होत्या आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात सूचना.

"हे काढून टाका. पेशंट विचारतात, हे डोंगर कसले?"

"सर, राहू द्या. ते डॉक्टरांसाठी असतं."

"डॉक्टर मीच आहे," मी म्हणालो. ते डोंगर कसले हे मलाही सांगता आलं नसतं, हे मात्र बोललो नाही. त्याने पडद्यावरूनही ते सगळं हटवलं. स्वच्छ, मोठे आकडे आणि वर मी, टाय लावलेला.

मग मला चैन पडेना. स्वतःचं रक्त तपासलं, बायकोचं तपासलं, समोरच्या चहावाल्याचं तपासलं. एक कामगार मुरगळलेला पाय घेऊन लंगडत आला, त्याचाही दंड मी बांधायला घेतला. तो बिचारा म्हणाला, "साहब, दर्द तो पैर में है." मी म्हणालो, "देख लेते हैं." देखने जैसा काही निघालं नाही.

अशा दिवसांत सकाळीच चिंचणीचा एक तांडेल, म्हणजे मासेमारीची बोट चालवणारा म्होरक्या, आला. सोबत त्याची बायको. नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, बोटी निघायला लागल्या होत्या. याला चार दिवस ताप होता. आता उतरला होता.

"आज सांजच्या भरतीला बोट काढायची हाय," तो म्हणाला. "बरफ भरून झालाय. ही ऐकत नाय, म्हनून आलो. जाऊ ना?"

"न जाऊन सांगता कुणाला?" बायको मला म्हणाली. "मालकानं दुसरा तांडेल बघून ठेवलाय. आज बोट त्याच्या हातात गेली तर आख्ख्या सीझनची गेली. पन जीवावर यायला नको. तुमी नीट बघा."

नीट बघा म्हणजे काय, तर मी रक्त काढलं आणि यंत्राला दिलं. प्लेटलेट्स एकतीस हजार. दीड लाखाच्या वर हव्यात. मी तीच नळी पुन्हा लावली. सव्वीस. आतल्या खोलीत दोन फेऱ्या मारल्या, परत लावली. एकवीस! बाहेर बाकावर बसल्या बसल्या माणूस रिकामा होत चाललाय, असंच मला वाटायला लागलं. बाहेर डोकावलो तर रिकामा होणारा माणूस वडापाव खात होता.

पण डेंग्यूत ताप उतरल्यावरच प्लेटलेट्स घसरतात, हे मला पाठ होतं, आणि पाठ असलेलं बोलताना माझा आवाज फार भरदार होतो. "बोटीचं विसरा. पालघरला जाऊन ॲडमिट व्हा. आजच."

तांडेल कागदाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मालकाला तोंडावर सांगून येतो. मंग जातो पालघरला." बायकोने विचारलं, "डॉक्टर, नक्की ना?" मी कागदावर बोट ठेवलं. तिथे नक्कीच लिहिलं होतं.

ते गेले आणि मी खुर्चीत बसू शकेना. एकाचं बीपी घेता घेता मध्येच उठलो. एकतीस, सव्वीस, एकवीस. खरं काय आहे? शेवटी पालघरच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना फोन केला. कॉलेजात त्या मला सीनियर होत्या आणि माझ्याबद्दल त्यांचा कधीच गैरसमज नव्हता. त्या म्हणाल्या, "तीच नळी घेऊन ये." खिशात नळी आणि रिपोर्ट, खाली स्कूटर. उमरोळीपाशी एक टेंपो पुढून हटेना, तर मी हॉर्नवरचा अंगठाच काढला नाही. टेंपोवाल्याने मान बाहेर काढून माझ्या घराण्याची चौकशी केली.

मॅडमनी रिपोर्ट पाहिला. "आलेख कुठेत?"

"काढले."

"आणि खुणा?"

"त्याही."

"का?"

त्यांनी फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि नळीतल्या थेंबाची काच करून सूक्ष्मदर्शकाखाली घातली. मी त्यांच्या मागे येरझारा घालत होतो. त्या म्हणाल्या, "एका जागी उभा राहा, टेबल हलतंय." मग सरकून मला जागा दिली. काचेवर प्लेटलेट्सचे गठ्ठेच गठ्ठे होते, जत्रेत हात धरून चालणाऱ्या कुटुंबांसारखे.

रक्त गोठू नये म्हणून जांभळ्या झाकणाच्या नळीत जे औषध असतं, त्यानेच काहींच्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात. माणसाच्या अंगात नाही, नळीत. यंत्र आख्खा गठ्ठा एक धरतं किंवा धरतच नाही, आणि नळी जितकी वेळ ठेवाल तितके गठ्ठे वाढतात. "यंत्राने तुला सांगितलं असणार," त्या म्हणाल्या. "तू त्याचं तोंड बांधलंस. आता ही निळ्या झाकणाची नळी ने, हिच्यात औषध वेगळं असतं. हिच्यात नवीन रक्त घे आणि लगेच लाव. त्याशिवाय जा म्हणू नकोस."

मी तिथूनच फोन लावला. तांडेलच्या बायकोने उचलला. "ते मालकाकडं बसलेत. बोट सोडली म्हनून सांगाया."

"थांबवा! दोघं दवाखान्यात या, मी निघालोय."

"आता काय झालं?"

"मला झालंय, त्यांना नाही बहुतेक. या लवकर."

मी पोचेपर्यंत ते दोघं पायरीवर उभे होते. मी रक्त घेतलं, नळी खाली-वर केली, लावली. यंत्राला मिनिटभर लागतं. त्या मिनिटात मी एक नख संपवलं. एक लाख ऐंशी हजार. मॅडमना फोनवर आकडा वाचून दाखवला, त्यांनी सांगितल्याप्रमाणे तांडेलचं पोट दाबून पाहिलं, बीपी घेतलं, अंगावर कुठे लाल ठिपके आहेत का ते शोधलं. सकाळी यातलं काहीच केलं नव्हतं.

"जा," मी म्हणालो.

तांडेल हलला नाही. "आता मालकाला कोन सांगनार? बोट सोडली म्हनून मी सांगून आलोय, दुसरा बोटीवर चढला आसल."

त्याने नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन माझ्या हातात दिला. मी घसा साफ केला. गठ्ठे, झाकण, औषध असं सगळं सांगायला सुरुवात केली. पलीकडून आवाज आला, "डॉक्टर, मानूस बरा हाय का नाय, येवढं सांगा."

"बरा आहे. चूक माझी झाली. त्यांची नाही."

पलीकडे इंजिनाचा धडधडाट चालू होता. मालक कुणाला तरी ओरडून खाली उतर म्हणाला. तांडेलने चपला घातल्यासुद्धा.

"पाठवा त्याला, पानी चढतंय," मालक म्हणाला. "आनि डॉक्टर, राग मानू नका, पन तुमाला मी जाळी धुवायला पन ठेवला नसता."