गुरुदासने सीडीत घातलेली शपथ

मोर्वण्याच्या गुरुदासला देवाने दोन गोष्टी सढळ हाताने दिल्या, आवाज आणि तो वापरायची हौस. जमीन दिली ती चार माडांपुरती. तरुणपणी बापाबरोबर होडीवर जायचा, तर हातातल्या वल्ह्यापेक्षा तोंड जास्त चाले. होडी किनाऱ्याला लागायच्या आधीच आज जाळ्यात काय गावलं ते काठावरच्या बायकांना कळलेलं असे आणि भाव पडलेला असे. शेवटी बापानेच त्याला होडीवरून उतरवला. मग त्याने कणकवलीहून एक जुना भोंगा, माईक आणि बॅटरी आणली. पुढे जत्रा, दशावतारी नाटक, निवडणूक, हरवलेली म्हैस, गर्दीत चुकलेलं पोर, जे काही असेल त्याची खबर पंचक्रोशीला गुरुदासच्या तोंडूनच मिळत राहिली.

भोंग्यावर बोललेला शब्द मागे घ्यायचा नाही, हा त्याचा बाणा होता. एकदा शुक्रवारचं नाटक चुकून गुरुवारी म्हणून पुकारून बसला. बायको सुभद्रा म्हणाली, "परत जावा आणि चुकला म्हणान सांगा." गुरुदास गेला, पण सांगायला नाही. नाटकवाल्यांच्या मुक्कामी जाऊन हातापाया पडला आणि मंडळींना एक दिवस आधी घेऊन आला. राक्षसाचं काम करणारा येऊ शकत नव्हता, म्हणून तोंड रंगवून स्वतःच उभा राहिला. हा राक्षस काही केल्या मरेना, कारण मेल्यावर बोलता येत नाही. लोक अजून ते आठवून हसतात, पण नाटक गुरुवारी झालं ते झालंच.

त्याची एकुलती एक मुलगी नर्मदा जामसंड्याला दिली होती. लग्नात भोंगा इतका वाजला की भटजींना मंगलाष्टकं ओरडून म्हणावी लागली. पुढे तिचा नवरा काविळीने गेला. दिरांनी घराच्या वाटण्या केल्या आणि त्या वाटण्यांत नर्मदा कोणाच्याच वाट्याला आली नाही. एक पिशवी घेऊन ती मोर्वण्याला आली.

आता गंमत बघा. दुसऱ्याच्या हरवलेल्या म्हशीसाठी तीन वाड्या फिरून ओरडणारा हा माणूस, पण स्वतःच्या लेकीबद्दल चकार शब्द काढीना. कोणी विचारलंच तर म्हणे, "इली हा चार दिस." ते चार दिवस आता दोन वर्षं चालले होते. विहिरीवर बायका नर्मदेला 'जामसंड्याची' म्हणत. तिला त्याचं एवढं वाईट वाटत नसे. बापाचे 'चार दिस' मात्र तिला लागत. एकदा सुभद्रेजवळ ती म्हणाली, "आये, बाबानी एकदा काय ता सांगून टाकूक होया. मी हयली की खयची?" उत्तर गुरुदासकडे होतं, पण ते बोललं की लेकीचं घर मोडलं हे आपल्याच तोंडाने पुकारल्यासारखं होईल, अशी भीती त्याच्या मनात बसली होती.

ही गोष्ट दोन हजार सात सालची. कुडाळची अनुजा नावाची हुशार मुलगी मालवणात पर्यटकांना खोल्या मिळवून देण्याचं काम करी. तिने एक युक्ती काढली. मालवणहून देवगडकडे आतल्या रस्त्याने जाताना काय बघायचं, कुठे वळायचं, कुठे जेवायचं, हे सगळं एका सीडीत भरायचं. पाहुण्यांनी आपली गाडी काढावी, सीडी लावावी आणि फिरावं, वाटाड्याची गरज नाही. आवाज कोणाचा घ्यायचा हा प्रश्नच नव्हता.

कुडाळात एका कॅसेटच्या दुकानामागच्या खोलीत, भिंतींना गाद्या टेकवून, गुरुदासचा आवाज भरला. अनुजा म्हणाली, "काका, हळू बोला. समोर एकच माणूस बसलाय असं समजा." गुरुदासला असं कधी समजावं लागलं नव्हतं. शेवटी तिने माईक उचलून पार दाराशी नेऊन ठेवला. सुरुवात त्याने पुस्तकी मराठीत केली, "रसिक प्रवासीहो," वगैरे. पण पहिल्या खाडीवरचा पूल येईपर्यंत गडी मालवणीवर उतरला. गाडी थांबवायची जागा आली की भोंग्याचा 'पों' तो तोंडानेच काढी.

जेवणाचा मुक्काम त्याने आपल्याच घरी ठेवला होता. रांधणार नर्मदा. बोलता बोलता तो रंगला आणि म्हणाला, "हय माडाखाली गाडी लावा. हाक मारा. आमच्याकडचा बांगड्याचा तिखला खाल्ल्याशिवाय माडाखालसून गाडी हलवल्यात, तर तुमका माझ्या गळ्याची शपथ आसा." अनुजाला ते एवढं आवडलं की तिने तसंच ठेवलं. सप्टेंबरपासून गाड्या यायला लागल्या. पाहुणे हसत हसत शपथ पाळत आणि पोटभर जेवून जात. नर्मदेच्या हाताला काम आलं, चेहऱ्यावर थोडी टवटवी आली.

मार्गशीर्षात देवाने कौल दिला आणि गावपळण ठरली. मोर्वण्यात काही वर्षांनी एकदा हे होतं. देवाचा हुकूम झाला की तीन दिवस आणि तीन रात्री सगळं गाव घरं बंद करून वेशीबाहेर राहायला जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. माळावर झावळांच्या झोपड्या उभ्या राहतात, चुली पेटतात, भजनं होतात. परत यायचा कौल मिळेपर्यंत गावच्या माणसाने वेशीच्या आत पाऊल टाकायचं नाही. त्या धांदलीत सगळ्यांना सगळं आठवलं. कोणी पाट्यावरचा वरवंटासुद्धा बरोबर घेतला. गुरुदासने कपड्यांच्या आधी भोंगा आणि बॅटरी घेतली. पण मालवणात अनुजाच्या टेबलावर सीडींचा गठ्ठा पडून आहे आणि सीडीला देवाचा कौल कळत नाही, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुरुदास झोपडीपुढे बसून कोणाला तरी राक्षसाची गोष्ट सांगत होता. तेवढ्यात रस्त्यावरून आवाज आला, "आता डाव्या हाताक वळा. घाबरू नकात, रस्तो अरुंद असलो तरी माणसा रुंद मनाची आसत." त्याचाच आवाज! काचा खाली केलेली एक पांढरी गाडी आली. पुढच्या सीटवर साठीतले नवरा-बायको होते. गाडी डावीकडे वळून वेशीच्या आत शिरली. गुरुदास उठून ओरडत धावला, "ओ पावण्यांनू! रवा! आत कोण नाय!" पण गाडीतला गुरुदास बाहेरच्या गुरुदासपेक्षा मोठ्याने बोलत होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कोणीतरी भारी पडलं.

त्याने भोंगा जोडला, वेशीच्या दगडाशी उभा राहिला आणि पुकारलं, "पांढऱ्या गाडीतल्या पावण्यांनू, गावपळण चालू आसा. गावात माणूस नाय. बाहेर येवा, जेवान हय आसा." उतारावरून आतून दोनदा हॉर्न वाजला. म्हणजे ऐकू गेलं होतं. माळावरचे सगळे वाट बघत उभे राहिले. गाडी काही आली नाही.

सुभद्रेने कपाळावर हात मारला. "कशी येतली? तुमी शपथ घातल्यात मां! जेवल्याशिवाय गाडी हलवूची नाय म्हणान. ती बाई देवाधर्माची असात, तुमच्या गळ्याक काय होयत म्हणान बसली असतली."

शपथ ज्याने घातली त्यानेच 'सुटली' म्हणायचं, तरच ती सुटते, हे पोरांनाही माहीत असतं. पण माईकवर बोललेला शब्द भोंग्यावरून मागे घ्यायचा, तोही अख्ख्या गावापुढे? गुरुदासची जीभ उचलेना. आत मात्र दोन म्हातारी माणसं बंद दारापुढे उपाशी बसली होती आणि ती त्याच्याच बोलावण्यावरून आली होती.

तेव्हा गावचे मानकरी भाई पुढे आले. भाई शांत माणूस, कोणाला दुखवायचं म्हणून बोलणारा नव्हे. ते म्हणाले, "गुरुदासा, सोपा आसा. आमच्यापैकी कोणाक आत जाता येवचा नाय. पण नर्मदा जामसंड्याची. ती काय गावची न्हय. ती जेवान घेवन गेली तर गावपळण मोडना नाय. शपथय रवतली, पावणेय जेवतले." आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. खरंच, यापेक्षा सोयीचा मार्ग नव्हता. एकाच्याही शब्दाला धक्का लागत नव्हता. गुरुदासने फक्त एक 'हो' म्हणायचं होतं.

नर्मदा चुलीपाशी उभी होती. तिने बापाकडे पाहिलं. तो खाली बघत होता. तिने डब्यात भात भरला, वर बांगड्याचा तिखला घातला, झाकण दाबून बसवलं, पदर खोचला आणि वेशीकडे चालू लागली. गुरुदासच्या शेजारून जाताना म्हणाली, "बाबानू, जातंय मी."

आपल्याकडे घरातून निघताना कोणी 'जातंय' म्हणत नाही, 'येतंय' म्हणतात. दोन वर्षांत नर्मदेने कधी वावगा शब्द काढला नव्हता. हा तिने मुद्दाम काढला होता की सहज निघाला, देव जाणे. पण तो गुरुदासच्या काळजात गेला. वेशीचा दगड तिच्या पावलापासून हाताभर राहिला असताना त्याने तिचा दंड धरला.

"थांब," तो म्हणाला. मग माईक तोंडाशी नेला. नेहमी एका दमात बोलणारा माणूस पहिल्या वाक्याला अडखळला.

"पावण्यांनू, मी गुरुदास. सीडीत नाय, खरोखरचो. तुमका घातलेली शपथ सुटली. सुटली म्हणतंय. चूक माझी. बोललंय ता माघारी घेतंय, उपाशी रवा नकात, गाडी काढून बाहेर येवा." गुरुदास इतक्या साध्या शब्दांत चूक कबूल करील असं कोणाला स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्याने श्वास घेतला आणि भोंगा वेशीकडून वळवून झोपड्यांकडे केला. भाई चार हातांच्या अंतरावर उभे होते, तरी तो भोंग्यावरूनच बोलला.

"आणि गाववाल्यांनू, तुमकाय आयकवतंय. माझा चेडू नर्मदा जामसंड्याची न्हय. तिका थयल्यांनी ठेवली नाय. ती चार दिसांसाठी इली नाय. ती मोर्वण्याची आसा आणि हयच रवतली. माझ्या घरात, माझ्या मागेसुद्धा. म्हणान तिका वेशीच्या आत पाय टाकूची मुभा नाय. कोणाचा काय म्हणणा आसल्यास आत्ताच बोला."

भाईंनी पागोटं सारखं केलं आणि म्हणाले, "कोणाचा काय नाय." बहुतेक त्यांनाही मनातून बरं वाटलं असावं. सुभद्रा पदरात तोंड लपवून रडत होती आणि नवऱ्याला शिव्याही देत होती, की हेच दोन वर्षांपूर्वी बोलले असते तर काय जीभ झडली असती?

उतारावर गाडीचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला, तशी नर्मदा डबा घेऊन चुलीकडे परतली. पांढरी गाडी वेशीबाहेर आली आणि झोपड्यांपुढे थांबली. पाहुणे इचलकरंजीचे निघाले. गृहस्थ बिचारे, आपल्यामुळे काहीतरी मोडलं की काय या धास्तीने हात जोडूनच उतरले. बाईंचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. खाली उतरून त्यांनी सगळ्या बायकांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "ते आत सगळं ऐकू आलं हो. तुमच्यातली नर्मदा कोण?"

साऱ्या झोपड्यांमधून एकदम हात पुढे झाले आणि चुलीकडे दाखवू लागले. नर्मदेने पाहुण्यांसाठी भाताचं पातेलं नुकतंच दोन्ही हातांत उचललं होतं, त्यामुळे डोळे पुसायला तिला हात मोकळा नव्हता.