डोंगरावरून परतलेले तिघे

माझ्या हातून पडलेल्या एका थपडेची मला अजून लाज वाटते. इतकी वर्षे उलटली, पण त्या प्रकरणातला एकही चेहरा मी विसरलेलो नाही.

गिरणी संपाला वर्ष होऊन गेले होते. मी लालबागच्या बाजूला फौजदार होतो. एका सकाळी तिशीतली एक बाई ठाण्यात आली. तिचा नवरा गिरणीत साचेवाला, म्हणजे विणकर. दरवर्षी तो आणि त्याच्याच खात्यातले तिघे मित्र दोन दिवस कर्जतच्या बाजूला डोंगरात पायी भटकायला जात. संपात हाताला काम नव्हते, तरी त्यांनी नेम मोडला नाही. चौघे गेले, तिघे परतले. "तो तिकडूनच गावी गेला, तांदूळ घेऊन येईल," असे त्यांनी तिला सांगितले. पंधरा दिवसांनी कोकणातून सासऱ्यांचे पत्र आले, तर त्यात मुलाचीच खुशाली विचारलेली.

मी हरवल्याची नोंद घेतली. संध्याकाळी त्यांच्या चाळीखालच्या न्हाव्याने खबर दिली. निघायच्या आदल्या दिवशी हा बेपत्ता माणूस "मी आता कामावर हजर होणार" असे म्हणाला होता आणि मित्रांपैकी मिशीवाल्याने त्याची गचांडी धरली होती. संप फोडणाऱ्याला त्या दिवसांत चाळीत तोंड दाखवणे कठीण होते. भांडण, दरी आणि बेपत्ता माणूस! मी मनातल्या मनात खुनाचा गुन्हा दाखल करून मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिघांना उचलले. नेहमीप्रमाणे वेगवेगळे बसवले: मिशीवाला माझ्या खोलीत खिडकीशी, दुसरा समोरच्या व्हरांड्यात, तिसरा अंगणापलीकडे. एकाचा शब्द दुसऱ्याला ऐकू जाणे शक्य नव्हते. तरी तिघांचे जबाब अगदी सारखे. खरे बोलणाऱ्यांचे तपशील थोडे इकडे तिकडे होतातच. एक म्हणतो चहा घेतला, दुसरा म्हणतो नाही घेतला. इथे एसटीचा थांबा, त्याची पिशवी, त्याने हलवलेला हात, सगळे पाठ केल्यासारखे.

"वर काय झालं ते सांग," मी मिशीवाल्याला दरडावले.

"वारा होता साहेब. लय वारा. उभं राहू देत नव्हता."

"पुढे?"

"पुढे काय, उतरलो खाली."

तेव्हा मी हात उचलला. थप्पड खाऊन त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. मला तो माज वाटला.

साडेतीनच्या सुमारास आमचे हवालदार आत आले. ते लालबागचेच, वडील जन्मभर साच्यावर राबलेले.

"साहेब, तुम्ही यांना लांब लांब बसवलंय खरं, पण हे सकाळपासनं एकमेकांशी बोलतायत."

"काहीतरीच काय? आवाज तरी येतोय का?"

"ओठ बघा त्यांचे. साच्याच्या खडखडाटात कानाला काय कळतंय? साचेवाले ओठांवरच बोलतात. माझा बाप घरीपण तसाच बोलायचा."

मी हवालदारांच्या हातात वर्तमानपत्र देऊन त्यांना दारात बसवले. दहा मिनिटांत ते परतले तेव्हा चेहरा उतरला होता.

"साहेब, ते म्हणतायत, पहिली पाळी अशीच गेली, आता दुसरी लागली. तो सकाळपासनं एकटा आहे."

मी मिशीवाल्याला एवढेच विचारले, "कुठे एकटा आहे तो?" तो तिथेच ढसाढसा रडू लागला.

डोंगरमाथ्यावर वारा असा होता, की एकमेकांचे खांदे धरून, वाकून चालावे लागत होते. चौथा मागे राहिला. यांनी वळून पाहिले तर तो कड्याशी उभा, तोंड यांच्याकडे. ऐकू एक अक्षर आले नाही, पण ओठ तिघांनाही वाचता आले: "पोरांना बघा." तिघे धावले. मिशीवाल्याने त्याच्या कमरेला मिठी मारून त्याला आडवा केला आणि तो शांत होईपर्यंत तिघे त्याला धरून बसले. बायकोला कळवायचे नाही, अशी त्याने शपथ घातली. शिवाय जीव द्यायचा प्रयत्न हा त्या काळी गुन्हा होता, त्यामुळे आम्हा पोलिसांची भीती वेगळीच. मग त्याला मिशीवाल्याच्या मानलेल्या बहिणीकडे, वरळी कोळीवाड्यात ठेवले आणि त्याच्याजवळ बसायला पाळ्या लावल्या. गिरणी बंद होती, पण या तिघांच्या तिन्ही पाळ्या चालू होत्या. रात्रपाळीवाला नुकताच परतला होता, पहिल्या पाळीचा निघत होता, तेवढ्यात मी त्यांना उचलले.

जीप गल्लीत शिरेना. मी आणि मिशीवाला धावत सुटलो. वाटेत मी देवाचे नाव घेतले, जे मी एरवी घेत नाही.

तो ओट्यावर बसून सुके बोंबील निवडत होता. समोर ती कोळीण पदर खोचून बसलेली.

"सकालपासून कोन आयला नाय," ती माझ्यावरच डाफरली, "म्हनून मी धंद्याला गेलेच नाय. बसवलाय याला माझ्यासमोर."

मी त्या ओट्यावरच बसलो.

कायद्याने गुन्हा दाखल व्हायला हवा होता. डोंगर माझ्या हद्दीत नाही, ही सबब मला सोयीची होती आणि मी ती घेतली. डायरीत 'इसम सुखरूप मिळून आला' एवढेच लिहिले. मिशीवाल्याची माफी मागायला हवी होती, पण तेवढे माझ्याच्याने झाले नाही. त्याला चहा पाजला. मात्र बायकोला सगळे सांगायचे, ही अट मी घातली.

तिला ठाण्यात बोलावून घेतले. तिने सगळे ऐकले. नवऱ्याच्या शर्टाचे उघडे बटण लावले. मग त्या तिघांकडे वळली.

"भाऊजी, तीन पाळ्या लावल्यात. त्यात माझी एक धरावीशी नाही वाटली? डोंगरावर जायच्या आधी महिनाभर यांना जेवण जात नव्हतं. मला दिसत होतं सगळं. पण विचारलं कोणी?"

तिघांनी माना खाली घातल्या. माझीही गेली. नोंद घेताना मी तिला नवऱ्याची उंची, वर्ण आणि शर्टाचा रंग विचारला होता. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत माणूस हरवल्याची तक्रार घेऊन कोणीही आले, की मी पेन बाजूला ठेवून आधी विचारायचो, "घरी कसा होता तो?"