नळीतलं तेल

घासाघीस करणारा माणूस मालातही खोट करणार, असं लोक धरूनच चालतात. मी आयुष्यभर घासाघीस केली. गोखिवऱ्याच्या एका गाळ्यात रबराच्या साच्यावर हात भाजून घेत कामाला लागलो, पुढे स्वतःचा गाळा घेतला, वॉशर आणि गॅस्केट बनवली. भावात कुणाला सोडलं नाही. पण कबूल केलेल्या मालात हलकं रबर कधी मिसळलं नाही. हे इथे लिहितो आहे, कारण तोंडानं सांगायची वेळ आली तेव्हा मी गप्प बसलो.

एअरसॉफ्टचं मैदान मी आणि माझ्या एका मित्रानं भागीदारीत काढलं. तो मुंबईत नोकरीला, वसईत फ्लॅट. जवळच गिरीज गावात केळीची एक उजाड वाडी भाड्यानं मिळाली. तिथे ड्रम, टायर, वाळूची पोती रचून आडोसे केले. तोंडावर जाळीचा मुखवटा घालायचा, बॅटरीवरच्या बंदुकीतून प्लास्टिकचे छर्रे मारायचे, ज्याला लागला तो बाहेर. रविवारी मैदानावर गर्दी व्हायची.

गिऱ्हाईक सांभाळायचं काम त्याचं, बंदुका माझ्याकडे. खेळण्यातली असली तरी नेम चुकणारी बंदूक कुणी दुसऱ्यांदा हातात घेत नाही. या बंदुकीत नळीच्या मागच्या टोकाला रबराची एक छोटी बाही असते. छर्रा तिला घासून निघतो, तेव्हा त्याला उलटी गिरकी मिळते आणि तो लगेच खाली न पडता लांबवर सरळ जातो. सगळा नेम त्या रबरावर. ते कोरडं हवं आणि स्वच्छ हवं. खेळ संपला की सळईला सुती चिंधी गुंडाळून मी प्रत्येक नळी आतून पुसायचो. स्प्रिंग ताणलेली राहू द्यायचो नाही, नाहीतर ती मरते आणि छर्ऱ्यातला जोर जातो.

मग एका हिवाळ्यात बंदुका बिघडल्या. एक छर्रा वर उडायचा, दुसरा पायाशी पडायचा. मी जड छर्रे आणले, मोटर तपासल्या, हवा गळते का पाहिलं. शेवटी नळ्या खोलल्या. रबर भिजवलेल्या वालासारखं फुगून मऊ पडलं होतं. सगळ्या बाह्या बदलल्या. थोड्याच दिवसांत नव्याही फुगल्या.

भागीदारानं त्यातली एक चिमटीत धरली आणि म्हणाला, "ही तुझ्या गाळ्यातली."

मी सांगितलं की हे बाहेरून आणलेलं भारी रबर आहे, याला खनिज तेल लागलंय, तेलानं असं रबर फुगतं, हे मला माझ्या हातासारखं ठाऊक आहे. तो हसला.

"अरे, तू कोळणीकडून मासळीचा वाटा घेतोस आणि वर दोन बोंबील फुकट उचलतोस. महागाचं रबर टाकून तुला झोप लागेल?"

माझा हात त्याच्या कॉलरपर्यंत गेला होता. आजूबाजूच्या माणसांनी सोडवलं.

तेल कुणी तरी घालत होतं, एवढं नक्की. म्हणून कुणाला न सांगता एका दुपारी वाडीवर गेलो.

बंदुकांच्या खोलीची किल्ली माझ्या सासऱ्यांकडे असायची. ते पाचूबंदरचे, सगळा जन्म बोटीवर गेलेला. गुडघे गेले, बोट विकावी लागली, आणि ते आमच्याकडे राहायला आले. आले ते भिंतीकडे तोंड करून बसले. जेवण सुटलं, बोलणं बंद झालं. बायको म्हणाली, यांना वाडीवर तरी न्या. तिथे ते खोली झाडायला लागले, आडोसे बांधायला लागले. मग घरी येऊन मागून भात घेऊ लागले.

त्या दुपारी ते मांडीवर फडकं टाकून बसले होते. शेजारी इंजिन ऑइलचा डबा. एकेक बंदूक उभी धरून तान्ह्याच्या टाळूवर घालावं तसं नळीत तेल सोडत होते. त्यांच्याकडे पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर ओढली की घरातला कर्ता पुरुष तिच्या सगळ्या लोखंडाला स्वतः तेल देतो. ते काम तो दुसऱ्याला सांगत नाही, आणि केल्याचं बोलूनही दाखवत नाही.

मी संतापून दारात उभा होतो. त्यांनी वर पाहिलं.

"खारं वारं लोखंड खातं, जावई," ते म्हणाले. "तुमाला येळ कुठं हाय? कोनीतरी बघाया पायजे ना."

ओठांवर आलेलं सगळं मी गिळलं.

पुढच्या रविवारी भागीदार हिशेब मिटवायला आला. वाडीच्या टोकाला सासरे पाठमोरे बसून आडोशाला झावळ्या बांधत होते. इंजिनाजवळ जन्म गेल्यानं त्यांना कमी ऐकू येतं.

"तेल कुणी घातलं, त्याचं नाव सांग," भागीदार म्हणाला. "आत्ता इथे सगळ्यांसमोर तुझी माफी मागतो."

त्याच्या पोटात काही राहत नाही. म्हाताऱ्यानं जावयाचा धंदा बुडवला, ही गोष्ट संध्याकाळच्या आत पाचूबंदरला पोचली असती, आणि सासरे पुन्हा त्या भिंतीकडे वळले असते. मी हिशेबाची वही त्याच्यापुढे सरकवली.

"बघ," तो म्हणाला. "भाव करायला बरं तोंड असतं तुला."

आपल्या वाटणीच्या बंदुका घेऊन तो गेला. शेजारच्या गास गावात त्यानं वेगळं मैदान काढलं.

सासऱ्यांशी मी सौदा केला. "मामा, बाहेरचं लोखंड तुमचं, नळीच्या आतलं माझं." ते लगेच मानले नाहीत. स्क्रू मागितले, ते दिले. फाटकाच्या बिजागऱ्या दिल्या. स्प्रिंगवरही अडून बसले होते, ती मात्र मी सोडली नाही. असं का, हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. नवीन रबर टाकलं, नळ्या कोरड्या ठेवल्या, आणि छर्रे पुन्हा सरळ जाऊ लागले. गिऱ्हाईक मात्र निम्मंच परत आलं. बाकीच्यांना भागीदारानं सांगून ठेवलं होतं, हा हलका माल टाकतो. अजूनही सांगतो. कुठल्या लग्नात समोर आला तर मी रस्ता बदलतो, कारण मला माझा हात ठाऊक आहे.

परवा सासरे पाचूबंदरला एका बाराव्याला जाऊन आले. मी चिंधी लावून नळी पुसत होतो, तिथे येऊन स्टुलावर बसले. माझ्या हाताकडे बघत राहिले.

"जावई, लोक म्हनतात तुमी रबर हलकं घातलं व्हतं. खरं का?"

मी सळई नळीत तशीच धरून ठेवली. मग म्हणालो, "जुनी गोष्ट आहे, मामा."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. हाताला ऑइलचा वास येत होता.

"परत असं करू नका," ते म्हणाले.

मी म्हटलं, "नाही करणार."