शाफ्टच्या गाड्या आणि आम्ही तिघं

परळच्या आमच्या गॅरेजात गाड्या यायच्या, जायच्या. किस्से मात्र तिथेच पडून राहायचे. आजही मी आणि गोविंदा चहाला बसलो की एकातून दुसरा निघतो.

आम्ही तिघं एकाच मिलचे. मी सुताच्या वाइंडिंगला, गोविंदा विणकर, दत्ताराम मागांचा फिटर. संपानंतर मिलने आम्हाला परत घेतलं नाही. दत्तारामने एका गाळ्यात मोटारसायकली खोलायला सुरुवात केली, आणि आम्ही त्याच्या मागे.

*

सुरुवातीलाच गिरगावातले एक डॉक्टर जुनी जर्मन मोटारसायकल घेऊन आले. मागून कटकट आवाज येत होता. गोविंदा वाकला, दोन्ही बाजूंनी बघितलं आणि घाबरून माझ्या कानात म्हणाला, "अरे, गाडीची चेन कोणी मारली?"

चेन नव्हतीच, दत्तारामने दाखवलं! इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत एका नळीतून लोखंडी शाफ्ट जायचा, आणि चाकापाशी दातेरी गिअर.

गोविंदा उठला. "डॉक्टरला सांगू नको हां!"

*

ती गाडी दत्तारामने नीट केली, आणि मुंबईतल्या मोजक्या शाफ्टच्या गाड्या आमच्याकडे यायला लागल्या.

तपासायची त्याची पद्धत ठरलेली. गाडी स्टँडवर, गिअर टाकलेला, आणि मागचं चाक हळूच पुढे-मागे. जरासा प्ले, म्हणजे ढिलेपणा, चालतो. जास्त असला तर दाते झिजले. मग चाक वर-खाली धरून आडवं हलवायचं. डगडगलं तर बेअरिंग गेलं. हे करताना तो डोळे मिटायचा.

एक हौशी गिऱ्हाईक म्हणालं, "वा मिस्त्री, काय कान आहे तुमचा!"

दत्ताराम चाक हलवत राहिला. गिऱ्हाईक पुन्हा तेच म्हणालं.

"जरा मोठ्याने बोला साहेब. कान मागांच्या आवाजात गेले. हे मी हाताने ऐकतो."

*

माटुंग्याच्या एका पोराच्या गाडीच्या मागच्या गिअरचं तेल काढलं. भांड्यात तेल नुसतं चमकत होतं.

"मस्त दिसतंय ना!" पोरगा म्हणाला.

"तुझे गिअर आहेत ते," दत्ताराम म्हणाला. "झिजून तेलात आलेत."

गोविंदा भांड्यात बघत राहिला. "आमच्या घरातली चमक संपली रे, आणि तुझ्या तेलात बघ किती!"

त्याच आठवड्यात गोविंदाच्या बायकोचं मंगळसूत्र गहाण गेलं होतं. पोरगा हसला. आम्ही नाही.

*

गोविंदाने आईला सांगितलं होतं, मिलने परत घेतलं. रोज सकाळी डबा घेऊन निघायचा, आणि पाळी सुटायच्या वेळेला घरी.

एकदा तो शाफ्टची नळी साफ करत होता, आणि दारात म्हातारी उभी! हातात डबा.

"आई, तू हंय कशी?"

"डबो इसारलंस."

"पण हंय कोणी सांगल्यान तुका?"

"तुझे कपडे मीच धुतंय मां? कापसाचो एक तंतू नाय, नुसतां ग्रीस! इचारीत इचारीत इलंय."

डबा ठेवला आणि निघाली. घरी ती त्यावर कधी एक शब्द बोलली नाही.

*

आणि तो लेबर ऑफिसर. आमच्याच मिलचा. शाफ्टची गाडी घेऊन आला. आम्ही त्याला लांबूनच ओळखलं; त्याने आम्हाला नाही.

दत्तारामने चाक धरून आडवं हलवलं. पार डगडगत होतं. तेल काढलं, तर त्यात बेअरिंगचा तुकडा! पळत्या गाडीत चाक जाम झालं असतं तर माणूस संपलाच.

गोविंदा मला कोपऱ्यात घेऊन कुजबुजला, "जाऊंदे तसोच. तेल भर आणि दे."

दत्ताराम मात्र सरळ साहेबासमोर जाऊन उभा राहिला. "गाडी इथेच ठेवा. चाक कधीही जाम होईल. मराल."

साहेबाने घड्याळ बघितलं. मग मोठ्याने विचारलं, "ते ठीक आहे. अजून किती दिवस ओढेल?"

दत्ताराम हात पुसता पुसता थांबला.

"साहेब, संपात गेटवर आम्हाला पण तुम्ही हेच विचारलं होतं. अजून किती दिवस ओढाल?"

साहेबाने पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. मग आमच्या दोघांकडे. किल्ली बाकड्यावर ठेवली आणि चालत निघून गेला.

गाडी न्यायला कोणीच आलं नाही.